आत्या की आत या?

…आणि वर मलाच सांगतो, 'हे तुम्ही आधीच पाठवलेलं आहे.' मला! अरे बाबा, पाठवलं होतं, मग परत घेतलं, आता पुन्हा पाठवतेय, यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही. पडदा काळा, अक्षरं पांढरी, वाक्य एकच, आणि वाक्याखाली तो एवढासा चौकोन लुकलुकतोय. लुकलुक, लुकलुक. जसा काही म्हणतोय, बसा की, घाई कसली? तुम्हाला सांगते, किती थांबायचं माणसानं?

बरं, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी एका चौकोनाशी भांडत का बसली.

माझी आत्या हॉस्पिटलात टेलिफोनवर बसते. तिला दिसत नाही. म्हणजे उजेड आहे की अंधार एवढं कळतं, बाकी काही नाही. पण त्या टेबलाची ती राणी आहे. एका कानात फोन, दुसऱ्या कानात संगणक. पडद्यावर जे काही उमटतं ते एक प्रोग्राम तिला मोठ्यानं वाचून दाखवतो, त्याला आम्ही सगळे 'बोलकी' म्हणतो. कोण डॉक्टर कुठे आहे, कुठल्या वॉर्डात कोण, कुणाचा निरोप कुणाला, बोलकी कानात सांगते आणि आत्या इकडचं माणूस तिकडच्या माणसाला जोडून देते. हॉस्पिटलात शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणतात. माझी सख्खी आत्या, आणि मला तिच्याकडे रांगेत उभं राहावं लागतं!

तर झालं काय, हॉस्पिटलातले सगळे संगणक नव्या आवृत्तीवर न्यायचं ठरलं. आवृत्ती अजून पक्की व्हायची होती, पण तिचं कच्चं रूप घातलेला एक नवा संगणक आणून आत्याच्या टेबलावर ठेवला, बघा म्हणे आठवडाभर वापरून. त्यातही बोलकी होती. आत्यानं कानाला लावली, आणि बोलकीनं तिला सांगितलं, 'हाडांचया डॉकटरांना दया.'

आत्याला वाटलं, हाडांच्या डॉक्टरांना कुणाची तरी दया आलीय. म्हणजे शेवटी माणूसच आहे ना, येत असेल. प्रत्यक्षात निरोप होता, 'हाडांच्या डॉक्टरांना द्या', म्हणजे फोन!

कळलं का? आपण लहानपणी शाळेत काय शिकलो, अक्षराचा पाय मोडायचा आणि पुढच्याला जोडायचं. क चा पाय मोडला, ट ला जोडला, झालं क्ट. या नव्या आवृत्तीत कुणीतरी अतिहुशारी केलेली, की मजकुरातला फालतू कचरा आधी झाडून टाकायचा. आणि त्या झाडण्यात अक्षरांखालची पाय मोडल्याची खूणच झाडली गेली. म्हणजे बोलकीनं भाषेतले सगळे मोडलेले पाय एका रात्रीत सरळ करून टाकले! हाडांच्या विभागाला जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते हिनं केलं.

द्या म्हणजे दया. रक्त म्हणजे रकत. आणि सगळ्यात मोठा घोळ सांगू? आत्या. आ, त चा पाय मोडून या. पाय सरळ केला की काय होतं? 'आत या.'

आता मोठे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे मुख्य, त्यांना सवय, प्रत्येक निरोपाची सुरुवात 'आत्या' अशी करायची. 'आत्या, औषधवाल्यांना फोन लावा.' बोलकी म्हणते, आत या. आत्या उठते, काठी घेते, लांबलचक व्हरांडा चालून साहेबांच्या केबिनचं दार ढकलते, 'बोलावलंत?' साहेब म्हणतात, नाही बुवा. आत्या परत. टेबलाशी पोचते न पोचते तोच साहेबांचा निरोप, 'आत्या, काही हवं होतं का?' बोलकी म्हणते, आत या. आत्या उठली, काठी घेतली…

एका सकाळी ती इतक्या वेळा आत गेली की साहेबांना वाटलं बाईंना काहीतरी खासगी सांगायचंय आणि धीर होत नाहीये. आणि इकडे टेबलावर फोन बोंबलतायत.

साहेब माणूस चांगला, तेच तर वाईट. वाईट माणसाशी भांडता येतं. ते अगदी मऊ आवाजात आत्याला म्हणाले, की तुम्ही खूप वर्षं केलंत, आता नव्या यंत्रावर तुमचं नाही जमलं तर मागच्या खोलीत एक आरामाची जागा आहे, लोकांच्या विसरलेल्या वस्तू सांभाळायच्या, फोन नाही, कटकट नाही. नवी आवृत्ती सगळीकडे बसली की बघू म्हणे.

आत्या घरी आली, चपला काढल्या, आणि एवढंच म्हणाली, "विसरलेल्या छत्र्यांमध्ये मला नेऊन ठेवणारेत. माझं कामच माणसं जोडायचं, आणि हे यंत्र सगळं तोडून बोलतं."

तुम्हीच सांगा, हे ऐकून मी स्वस्थ बसेन? मी!

मी काय करते ते तुम्हाला माहीत नसेल, आमच्या आईलाही माहीत नाही. मी मुक्त प्रोग्रामांचं काम करते. फुकट. म्हणजे मी फुकट करते आणि लोक फुकट घेतात, असं दोन्हीकडून फुकट. एक प्रचंड मोठं भांडार आहे, जगभरची माणसं तिथे आपापल्या प्रोग्रामची गाठोडी आणून ठेवतात, ज्याला जे हवं त्यानं ते न्यावं, कुणाला विचारायला नको. ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते मी आत्ता सांगत नाही, कारण मग आपण इथून उद्याच उठू. तर हॉस्पिटलातली नवी आवृत्तीही तिथूनच यायची, आणि बोलकीचं गाठोडंही त्याच भांडारात. मी ते उघडलं, झाडूवाली ओळ शोधली, तिला बजावलं की पाय मोडलेल्याला हात लावायचा नाही. एका ओळीची दुरुस्ती. आत्याच्या निरोपांवर तपासून पाहिली. बोलकी म्हणाली, 'आत्या.' स्वच्छ. मला भरून आलं हो.

संपलं? छे! भांडाराचा एक दरवाजा असतो. नव्या आवृत्तीआधी तो बंद होतो. त्याच्या आत जे गाठोडं पोचलं ते आवृत्तीत, बाहेर राहिलं ते पुढच्या आवृत्तीपर्यंत बाहेर, आणि पुढची आवृत्ती येईतो आत्या छत्र्या मोजून निवृत्त झालेली असेल. दरवाजा रविवारी संध्याकाळी बंद होणार होता.

आणि गाठोडं माझं नाही. बोलकीचे मालक एक गृहस्थ, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही. मी त्यांना पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं, वर 'तातडीचे' लिहून. तिसऱ्यात खाली फोन नंबर दिला, ठळक अक्षरांत. उत्तर नाही. गुरुजी समाधीत. किती थांबायचं माणसानं?

तर अशा वेळी आमच्यात एक रीत आहे. दुसऱ्याचं गाठोडं दुरुस्त केलंत तर थेट आत घुसवायचं नाही. दरवाजाशी एक ओसरी आहे, तिथे ठेवायचं, आणि किती दिवस थांबणार ते सांगायचं. मालकाला आपोआप वर्दी जाते. तेवढ्या दिवसांत मालक काही बोलला नाही, तर गाठोडं आपल्या पायांनी आत जातं. सुंदर रीत आहे. माझा विश्वास आहे तिच्यावर. होता.

गाठोडं पोचवायला एक हत्यार आहे, मी त्याला हमाल म्हणते. त्याला चित्र नाही, बटण नाही, काही नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा: हमाल, हे गाठोडं, अमुक ठिकाणी, इतके दिवस ओसरीवर. तो उचलतो, नेतो, ठेवतो, परत येतो, म्हणतो, 'पोचवलं.' आत घेतलं का, फेकलं का, त्याचा संबंध नाही.

मी हुकूम टाइप करतेय आणि मागे आई उभी. आई म्हणाली, काय करतेस? मी सांगितलं, एका वडीलधाऱ्या माणसाच्या कामात हात घातलाय, आता त्यांना वर्दी द्यायचीय. आई म्हणाली, "परक्याच्या घरात शिरताना आधी खाकरावं, आणि जरा जास्त वेळ खाकरावं."

झालं! आईचं ऐकायची मला वर्षातून एकदा लहर येते, ती नेमकी तेव्हा आली. थांबायचे दिवस किती? मी लिहिले पंधरा. जितके जास्तीत जास्त लिहिता येतात तितके. म्हटलं, गुरुजींनाही कळू दे, ही मुलगी वळणाची आहे. हमाल म्हणाला, 'पोचवलं.' मी आत्याला फोन करून सांगितलं, काम झालं, पंधरा दिवसांत आत जातंय.

आत्या म्हणाली, "आणि दरवाजा?"

मी म्हटलं, रविवारी बंद…

 

म्हणजे मी इतकी खाकरले, इतकी खाकरले, की घराचं दार लागून आतली माणसं झोपली तरी मी आपली बाहेर खाकरतेच आहे!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? हत्याराची माहिती वाचली असती. तिथे स्वच्छ लिहिलंय, ओसरीवरच्या गाठोड्याचे दिवस कमी करायचे असतील तर एका ओळीचा हुकूम आहे. हे मला कधी कळलं? नंतर. माहिती कोण वाचतं हो? मला पहिल्या पानावर 'रद्द करा' दिसलं आणि मी रद्द केलं. म्हटलं, परत घेऊ आणि शून्य दिवस लिहून पाठवू, म्हणजे ओसरीला थोडा वेळ टेकून आत जाईल. हमाल 'रद्द'ची चिठ्ठी घेऊन गेला. मग मी म्हटलं, आता हे ने. तर काय म्हणतो?

'हे तुम्ही आधीच पाठवलेलं आहे.'

हो, तीच ती जागा, मघाशी आपण जिथून सुरुवात केली! कारण हा हमाल स्वतःशी लक्षात ठेवतो, की हे गाठोडं मी एकदा नेलंय. ते नंतर फेकून दिलंय हे त्याच्या गावी नाही. ऐका, कसा बोलतो, अगदी खिडकीतल्या माणसासारखा, मान वर न करता: आधीच पाठवलेलं आहे. मी म्हटलं, अहो, ते रद्द केलं. आधीच पाठवलेलं आहे. अहो पण… चौकोन. लुकलुक.

तेव्हा मला सापडलं, की एक शब्द शेवटी जोडला तर हा मुकाट्यानं ऐकतो. शब्द कुठला? 'जबरदस्ती'.

तुम्हाला सांगते, कॉलेजात मी जबरदस्तीच्या विरोधात भाषणं केलीत. घसा बसेपर्यंत. कुणावरही, कशाचीही, कधीही जबरदस्ती नको, हे माझं जीवनाचं सूत्र आहे. आणि मी माझ्या या दोन हातांनी, एका गरीब हमालावर… केली. टाइप करताना डोळे मिटून घेतले. तो लगेच म्हणाला, 'पोचवलं.' बघा, माझ्या तत्त्वांना कुणी विचारलं नाही आणि जबरदस्तीला एका सेकंदात उत्तर!

मग भांडाराकडून पावती यायला हवी. 'स्वीकारलं' असं एक पत्र येतं. आलं नाही. थोड्या वेळानं पाहिलं. नाही. दरवाज्यावरची माणसं, म्हणजे माणसं नाहीतच, तेही प्रोग्रामच, ते आपल्या सवडीनं चिठ्ठ्या उघडतात, आल्या क्रमानं, थोड्याथोड्या वेळानं. हेही माहितीत लिहिलंय म्हणे.

पण मला वाटलं, पहिल्या रद्दनं दुसरं गाठोडंच खाल्लं असणार. म्हणून पुन्हा जबरदस्तीनं पाठवलं. मग वाटलं, दोन झाली तर ते गोंधळतील. म्हणून एक रद्द. मग वाटलं, आता दोन्ही रद्द झाली तर? पुन्हा पाठवलं. आई दारातून म्हणाली, फुकटचं काम आणि एवढी घाई? मी म्हटलं, आई, तू आता काही शिकवू नकोस. किती थांबायचं माणसानं!

आणि मग पत्रं आली. सगळी. एकदम. रद्द केलं. स्वीकारलं. पुन्हा आलं म्हणून नाकारलं. रद्द केलं. ओसरी रिकामी आहे. काय रद्द करायचं? स्वीकारलं. रद्द केलं. जसं काही कुणी पोर दार उघडतंय, लावतंय, उघडतंय, लावतंय. मी श्वास रोखून शेवटचं पत्र उघडलं. शेवटचं काय असणार? 'आपल्या विनंतीनुसार रद्द केलं.' आपल्या विनंतीनुसार! इतक्या नम्रपणे कुणी माझा सत्यानाश केला नव्हता.

आणि दिवस कुठला? रविवार. दुपार सरत आलेली. आणि वर सूचना, की आपल्याकडून फार चिठ्ठ्या आल्यानं आपला हमाल उद्या सकाळपर्यंत दरवाज्यावर घेतला जाणार नाही.

मी खुर्चीत बसून राहिले. खरं सांगते, तेव्हा रडू आलं. डोळ्यांसमोर ती मागची खोली, भिंतीला टांगलेल्या छत्र्या, आणि आत्या एका स्टुलावर, दोन्ही कान रिकामे.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून एक म्हातारा, सावकाश आवाज, शब्दाशब्दाला विसावा घेणारा.

"बोलकीची दुरुस्ती… तुम्हीच केलीत ना?"

मी म्हटलं, हो.

"मग मला एक सांगा. तुम्ही गाठोडं ठेवताय… की उचलताय?"

गुरुजी! साक्षात! म्हणे मी आठवड्यातून एकदाच, रविवारी, पत्रं उघडतो. तुमची वर्दी पाहिली, दुरुस्ती पाहिली, फार आवडली, म्हटलं या मुलीला कशाला थांबवा, ओसरीवरून आत घ्यायला गेलो, तर गाठोडं नाही. म्हटलं डोळ्यांचा दोष. चष्मा पुसून आलो, तर आहे. हात घालतो तो नाही. पुन्हा आहे. पुन्हा नाही. 'माझी पत्नी म्हणाली, जेवून घ्या, कुणीतरी थट्टा करतंय.'

मी भडाभडा सगळं सांगितलं. आत्या, आत या, साहेब, छत्र्या, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता असं करा. दोन्ही हात मांडीवर ठेवा. मी पाठवतो. मालकाला ओसरी लागत नाही."

आणि फोन चालूच ठेवला. तुम्हाला सांगते, तो माणूस एका बोटानं टाइप करतो. मला एकेक टिचकी ऐकू येत होती. टिक. मग शांतता. मग चष्म्याची काडी उघडल्याचा आवाज. मग टिक. घड्याळ पुढे पळतंय, दरवाजा लागत आलाय, आणि गुरुजी मला माझी एक ओळ वाचून दाखवतायत, सावकाश, जसं काही पहिलीच्या वर्गाला. "शब्दाच्या… शेवटी… पाय मोडला असेल, तर?" मी म्हटलं, तपासलंय गुरुजी, चालतं, तेही चालतं, पाठवा! "छान." टिक. "नावासमोर… तुमचं नाव घालतो." मी म्हटलं, नका घालू, राहू द्या, कुणाला हवंय नाव! "असं कसं. केलं त्याचं नाव." टिक. टिक. माझ्या नावात किती अक्षरं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आईबापांनी जरा आखूड ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? माझे हात मांडीखाली दाबून धरलेले, मुंग्या आलेल्या, आणि मी दातांवर दात ठेवून बसलेय. किती थांबायचं… पण या खेपेला तोंडातून काढलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "गेलं." आणि मग म्हणाले, "आता बसू."

आणि आम्ही बसलो. दोघंही. फोन कानाला. कुठेतरी त्यांच्या घरात भांडी विसळल्याचा आवाज. आणि पत्र आलं. एका शब्दाचं. 'स्वीकारलं.'

दरवाजा त्यानंतर लगेचच लागला. गुरुजी म्हणाले, बरं आहे, जेवायचं राहिलंय. आणि ठेवला फोन. मी घरभर नाचले. आईनं विचारलं, पैसे मिळणार का? मी तिला मिठी मारली.

यथावकाश नवी आवृत्ती आली, हॉस्पिटलात बसली, बोलकी घडाघडा बोलायला लागली. द्या म्हणजे द्या, रक्त म्हणजे रक्त. साहेबांनी मागची खोली दुसऱ्या कुणाला दिली. उलट आत्याचा कामाचा झपाटा बघून तपासणी विभागाचे फोनही तिच्याच टेबलावर आणून जोडले. आत्या खूश. म्हणे आता मला पाठ खाजवायला फुरसत नाही.

मग मला वाटलं, आपण एवढं केलं, एकदा तिच्या तोंडून ऐकावं तरी. म्हणून आज सकाळी तिच्या कामाच्या नंबरवर फोन लावला. लगेच उचलला. मी म्हटलं, आत्या, मी बोलतेय गं, कशी चाललीय बोलकी? आणि माझी सख्खी आत्या, जिच्यासाठी मी हमालावर जबरदस्ती केली, ती अगदी गोड, ठेवणीतल्या आवाजात मला म्हणाली,

"कृपया लाइन धरून ठेवा हं, आपण रांगेत आहात."

आणि संगीत सुरू!

काय करणार? धरलीय. हा बघा, अजून कानालाच आहे.